पाचवी ते आठवीचं गणित: मूल कुठे अडतं आणि घरी काय करायचं

चौथीपर्यंत गणितात पैकीच्या पैकी आणणारं मूल पाचवीच्या पहिल्या चाचणीत वीसपैकी नऊ घेऊन येतं आणि घरात ट्यूशनची चर्चा सुरू होते. गोव्यातल्या मराठी घरांत हे नेहमीचंच आहे. सरकारी मराठी प्राथमिक शाळा चौथीला संपते, आणि पाचवीपासून हायस्कुलातलं गणित इंग्रजीतून चालतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवी हा मधला टप्पा धरला आहे, पण मराठी शाळेतून आलेल्या मुलाचा टप्पा इथे एक वर्ष आधीच बदलतो. त्यात गणितही स्वभाव बदलतं. तोवर ‘किती?’ एवढंच विचारलं जायचं, आता ‘का?’ आणि ‘कशावरून?’ विचारायला लागतात.

दोन्ही गोष्टी एकदम आल्यामुळे मूल नक्की कशाला अडलंय हे बाहेरून कळत नाही. म्हणून ट्यूशन लावण्याआधी एक तपासणी करा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आधी पाहा: गणित अडलंय की भाषा?

चाचणीतले चुकलेले पाच-सहा प्रश्न कोऱ्या कागदावर उतरवा, उत्तरं झाका. पहिल्या फेरीत मुलाला प्रश्न इंग्रजीतच मोठ्याने वाचायला लावा आणि काय विचारलंय ते मराठीत किंवा कोकणीत सांगायला सांगा. सोडवायला सांगू नका. दुसऱ्या फेरीत तोच प्रश्न तुम्ही मराठीत सांगा आणि सोडवू द्या. तिसऱ्या फेरीत शब्द काढून टाका आणि नुसती आकडेमोड द्या.

मराठीत सांगितल्यावर उत्तर बरोबर आलं तर अडचण भाषेची आहे आणि ती सहसा काही महिन्यांत सुटते. आकडेमोड जमते पण मराठीत सांगितलेला प्रश्नही जमत नाही, तर कल्पना कच्ची आहे. आकडेमोडच चुकते, तर पाढे किंवा हातचा कच्चा आहे आणि त्यासाठी दुसरी-तिसरीपर्यंत मागे जावं लागेल. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. तिन्हींचे उपाय मात्र वेगवेगळे आहेत, आणि सरसकट ‘सराव वाढवा’ म्हटल्याने त्यातला एकच बरा होतो.

भाषेच्या खऱ्या अडचणी

फॅक्टर म्हणजे अवयव, मल्टिपल म्हणजे पट, एचसीएफ म्हणजे मसावि, एलसीएम म्हणजे लसावि, न्युमरेटर अंश, डिनॉमिनेटर छेद, प्राइम नंबर मूळ संख्या, इंटिजर पूर्णांक, रेशो गुणोत्तर, पेरिमीटर परिमिती, एरिया क्षेत्रफळ, व्हॉल्यूम घनफळ, इक्वेशन समीकरण. अशी यादी वहीच्या शेवटच्या पानावर करा आणि प्रत्येक शब्दापुढे एक छोटं उदाहरण लिहा. नुसती जोडी पाठ केली तर फॅक्टर आणि मल्टिपल यांची अदलाबदल हटकून होते. ‘१२चे फॅक्टर: १, २, ३, ४, ६, १२, इथेच संपले. १२चे मल्टिपल: १२, २४, ३६, संपतच नाहीत’ असं लिहिलं की गोंधळ राहत नाही.

पण मोठे पारिभाषिक शब्द मुलं लवकर शिकतात. अडवतात ते छोटे शब्द. ‘सबट्रॅक्ट ७ फ्रॉम १२’ हे वाक्य घ्या. मराठीत आपण ‘१२मधून ७ वजा करा’ म्हणतो, म्हणजे १२ आधी येतो. इंग्रजीत ७ आधी येतो, आणि मूल ७ − १२ लिहून मोकळं होतं. पाचवीत ते स्वतःच ‘असं कसं?’ म्हणून आकडे फिरवून घेतं. सहावीत ऋण संख्या आल्या की ७ − १२लाही उत्तर असतं, त्यामुळे चूक लपून राहते. ‘५ लेस दॅन अ नंबर’चंही तेच: ती संख्या वजा ५, पाचातून ती संख्या नव्हे. ‘ऑफ’ म्हणजे गुणाकार, ‘डिफरन्स’ म्हणजे वजाबाकी, ‘प्रॉडक्ट’ म्हणजे गुणाकार, ‘ईच’ म्हणजे प्रत्येकी. ‘सिम्प्लिफाय’, ‘इव्हॅल्युएट’, ‘व्हेरिफाय’ या आज्ञा आहेत. ‘व्हेरिफाय’ला नुसतं उत्तर लिहून गुण मिळत नाहीत, दोन्ही बाजू वेगळ्या काढून सारख्या आल्याचं दाखवावं लागतं.

संख्यांची नावंही उलटी आहेत. मराठीत पंचवीस, पाच आधी. इंग्रजीत ट्वेंटी-फाइव्ह, वीस आधी. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद ही तर खास फसवी: एकोणऐंशी ऐकून ८९ लिहिणारी मुलं पाचवीतही असतात. चाचणीत शिक्षक तोंडी आकडे सांगत असतील तर घरी रोज दहा आकडे दोन्ही भाषांत मिसळून लिहायला द्या. दोन आठवडे पुरतात.

पाढे मात्र मराठीतच राहू द्या. ज्याच्या तोंडात ‘सात आठे छप्पन्न’ बसलंय त्याला ‘सेव्हन एट्स आर’ नव्याने घोकायला लावणं म्हणजे चालत्या गाडीला खीळ घालणं. डोक्यात मराठी, कागदावर आकडा, तोंडाने ‘फिफ्टी-सिक्स’. वर्गात चालतं हे. गोव्यातल्या बहुतेक वर्गांत शिक्षक समजावतात कोकणीत आणि फळ्यावर लिहितात इंग्रजीत, त्यामुळे मुलांना अशी मिसळ परकी नसते.

वर्गात काय घडतं

तास साधारण ३५ ते ४० मिनिटांचा. त्यातली पाच-सात मिनिटं गृहपाठात जातात, पंधरा मिनिटं नव्या गोष्टीला, उरलेल्यात दोन-तीन उदाहरणं फळ्यावर. फळ्यावरचं उतरवून घेणाऱ्या मुलाला वाटतं आपल्याला समजलं. ते समजलं की नाही हे घरी पुस्तक बंद करून तेच उदाहरण पुन्हा सोडवलं तरच कळतं, आणि तेही त्याच दिवशी.

एनसीईआरटीची नवी पुस्तकं सहावीसाठी २०२४मध्ये, सातवी-आठवीसाठी २०२५मध्ये आली. ती हातात घेतल्यावर पालक म्हणतात, ‘यात उदाहरणं कुठे आहेत?’ आहेत, पण कोडी, आकृत्यांचे क्रम आणि ‘तुला काय वाटतं?’ छापाच्या प्रश्नांमध्ये मिसळलेली. ते प्रश्न गाळून थेट आकडेमोडीवर उडी मारू नका. सहावीत आकृत्या मोजून जो नियम मूल स्वतः शोधतं, तोच पुढे अक्षरांत लिहायचा असतो.

वहीत उजवीकडे दोन बोटं जागा कच्च्या कामासाठी सोडावी. कच्चं काम खोडू नये. चूक कुठे झाली हे शिक्षकाला आणि तुम्हाला तिथेच दिसतं.

अपूर्णांक: इथे वेळ घाला

पाचवी-सहावीत काही पक्कं करायचं असेल तर अपूर्णांक. पुढे गुणोत्तर, शेकडा, बीजगणित, सगळं यावर उभं आहे.

नेहमीची चूक: १/२ + १/३ = २/५. अंशात अंश, छेदात छेद मिळवला. ‘चूक आहे, लसावि काढ’ एवढं सांगून भागत नाही. आधी विचारा, २/५ मोठा की १/२? २/५ म्हणजे ०.४, अर्ध्याहून कमी. अर्ध्यात आणखी काही घातलं आणि अर्ध्याहून कमी झालं? इथे मूल स्वतःच थबकतं. मग कृती: छेद २ आणि ३, लसावि ६; १/२ = ३/६, १/३ = २/६; बेरीज ५/६. छेद म्हणजे तुकड्याचा आकार. तुकडे सारख्या आकाराचे झाल्याशिवाय मोजता येत नाहीत, एवढी एकच गोष्ट पटवायची आहे.

भागाकाराची ‘उलटा करून गुणा’ ही युक्ती मुलं पाठ करतात आणि कुठला अपूर्णांक उलटायचा ते विसरतात. त्याआधी स्वयंपाकघर वापरा. तीन पोई अर्ध्या-अर्ध्या कापल्या तर किती तुकडे? सहा. म्हणजे ३ ÷ १/२ = ६. ‘भागलं की कमी होतं’ ही चौथीपर्यंतची समजूत इथे मोडते, आणि ती मोडलीच पाहिजे. गुणाकाराचंही तेच: ८ × ३/४ = ६, गुणूनही कमी.

मराठी घराकडे यासाठी एक जुनं धन आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचेच पाढे. ते घोकायची आज गरज नाही, पण सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन, साडेतीन हे शब्द मुलाच्या कानावर असू द्या आणि आकड्यात लिहायला लावा. पावणेतीन म्हणजे २ ३/४; पुष्कळ मुलं ३ ३/४ लिहितात. पाच पाव म्हणजे सव्वा, सहा पाव म्हणजे दीड: छेद ४ असलेल्या अपूर्णांकांची निम्मी उदाहरणं तोंडीच होतात.

दशांशात घात होतो वाचण्यामुळे. ०.३५ला ‘शून्य पॉइंट पस्तीस’ म्हटलं की ते ०.५पेक्षा मोठं वाटतं, कारण पस्तीस पाचाहून मोठे. ‘पॉइंट तीन पाच’ असंच वाचायला लावा आणि तुलना करताना शून्य जोडा: ०.३५ आणि ०.५०. पैशाचं उदाहरण दोन स्थळांपर्यंत चालतं, ०.१२५ला ते अपुरं पडतं. तिथे मीटरपट्टीवरचे मिलिमीटर दाखवा. आणि वेळेची गल्लत: अडीच तास म्हणजे २.५ तास, २.३० नव्हे. वेगाच्या उदाहरणात ही चूक आठवीपर्यंत पिच्छा पुरवते.

ऋण संख्या

‘ऋण’ म्हणजे कर्ज. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८मध्ये धन-ऋणाचे नियम मांडले ते याच अर्थाने. इंग्रजी ‘निगेटिव्ह’पेक्षा आपला शब्द जास्त सांगतो, तो वापरा. दुकानात ५ रुपये उधारी, आणखी ३ रुपयांची केली, तर −५ − ३ = −८. मुलं इथे −२ किंवा ८ लिहितात. −२ येतो कारण वजा दिसलं की ५मधून ३ काढले जातात. ८ येतो कारण ‘मायनस मायनस प्लस’ हे घोषवाक्य डोक्यात बसलेलं असतं. ते गुणाकाराचं आणि −(−३) अशा लागून आलेल्या चिन्हांचं आहे, बेरजेच्या ओळीत लांब उभ्या असलेल्या चिन्हांचं नाही. हे वहीत तांबड्या शाईने लिहून ठेवा.

लहान-मोठेपणासाठी विहीर घ्या. जमीन म्हणजे शून्य. ऑगस्टमध्ये पाणी −२ मीटरवर, मे महिन्यात −९वर. कुठलं पाणी वर? मग −२ मोठा. संख्यारेषा आडवीऐवजी उभी काढली तर हे आपोआप दिसतं.

ऋण गुणिले ऋण धन का, हे सातवीत विचारलं जातं आणि बहुतेक ठिकाणी ‘नियम आहे’ म्हणून सोडलं जातं. ओळ लिहा: ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. प्रत्येक पायरीला २ने वाढतंय. पुढची पायरी (−१) × (−२), ती २च असणार.

अक्षरं आली की

वर्गात एक्स, वाय, ए, बी असतात. इथे क आणि ख घेऊ. पहिली अडचण अशी की ‘३क’ म्हणजे ‘तीन केळी’ असं कोणीतरी समजावलेलं असतं. मग ३क + २ख = ५कख, तीन केळी आणि दोन खजूर मिळून पाच फळं! क ही वस्तू नव्हे, संख्या आहे. त्या जागी संख्या घालून पाहण्याची सवय लावा: क = २, ख = १०. डावीकडे ६ + २० = २६, उजवीकडे ५ × २ × १० = १००. जुळत नाही, म्हणजे नियम खोटा. ही तपासणी मुलाला परीक्षेतही करता येते. (तपासायला ०, १ किंवा २-२ असे सारखे आकडे घेऊ नका, चुकीचा नियमही कधीकधी जुळून जातो.)

क = ३ असताना ५क म्हणजे ५३ लिहिणारी मुलं असतात. त्यांना गुणाकाराचं चिन्ह दिसत नाही. पहिले पंधरा दिवस ५ × क असंच लिहू द्या.

आठवीत (क + ख)² = क² + ख² ही चूक येते. १३चा वर्ग करा: १३ = १० + ३. १०० + ९ = १०९, पण १३ × १३ = १६९. ६० कुठे गेले? १३ सेंटिमीटर बाजूचा चौरस काढून १० आणि ३वर रेघा मारल्या की १० × ३चे दोन आयत दिसतात. तेच ६०, तेच २कख.

समीकरणात ‘पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं’ ही युक्ती लवकर शिकवू नका. ३क = १२मध्ये मूल ३ पलीकडे नेतं, चिन्ह बदलतं आणि क = १२ − ३ = ९ लिहितं. तराजू धरा: दोन्ही पारड्यांत एकच कृती. ६ नारळ आणि ४० रुपयांची पिशवी मिळून २८० रुपये झाले, तर एक नारळ कितीला? एका नारळाची किंमत क मानू. ६क + ४० = २८०. दोन्हीकडून ४० काढले: ६क = २४०. दोन्हीकडे ६ने भागलं: क = ४०. ताळा: ६ × ४० + ४० = २८०. ‘क मानू’ ही ओळ आणि ताळा, दोन्ही लिहायलाच हवेत. दोन-तीन महिने अशा पायऱ्या लिहिल्यावर मूल युक्ती स्वतः शोधून काढतं, तेव्हा ती वापरू द्या.

बरोबरीच्या चिन्हाबद्दलही सांगायला हवं. १२ × ५ = ६० + १८ = ७८ ÷ ३ = २६. उत्तर बरोबर, लिहिणं चूक, कारण १२ × ५ हे ७८ नाही आणि २६ही नाही. मूल ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिही’ असं समजतं. पाचवीत शिक्षक सोडून देतात, सातवीत समीकरण याच कारणाने डोक्यावरून जातं. प्रत्येक पायरी नव्या ओळीवर, बरोबरीची चिन्हं एकाखाली एक.

कंपासपेटी

भूमितीतले निम्मे गुण साहित्यामुळे जातात. कंपासाचा स्क्रू सैल असेल तर वर्तुळ जिथे सुरू झालं तिथे मिळत नाही. कंपासात आखूड पेन्सिल, हातात दुसरी, दोन्ही टोकदार. पट्टीचं शून्य बहुतेक वेळा कडेला नसतं, थोडं आत असतं. कडेपासून मोजणारं मूल प्रत्येक रेघ दोन-तीन मिलिमीटर चुकतं.

कोन मोजताना आधी डोळ्याने ठरवा: लघुकोन की विशालकोन? मग कोनमापकाचा मध्यबिंदू शिरोबिंदूवर ठेवा, पायाची रेघ एका भुजेवर जुळवा आणि त्या भुजेवर ज्या मापाचं शून्य आहे तेच माप वाचा. कोनमापकावर दोन मापं उलटसुलट छापलेली असतात, म्हणून १३०च्या जागी ५० वाचलं जातं. आधीचा अंदाज लिहिलेला असला की ही चूक तिथल्या तिथे पकडता येते. भुजा आखूड असेल तर पट्टीने वाढवा.

त्रिकोण काढताना ३, ४ आणि ८ सेंटिमीटर बाजू देऊन पाहा. कंस एकमेकांना छेदणारच नाहीत. दोन बाजूंची बेरीज तिसरीहून मोठी का असावी लागते ते पाठ करावं लागत नाही.

मापं आणि मोठे आकडे

एक चौरस मीटर म्हणजे किती चौरस सेंटिमीटर? शंभर असं उत्तर येतं. खरं १०,०००, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही शंभरपट. जमिनीवर खडूने एक मीटरचा चौरस आखून दाखवा.

पोफळी-माडांच्या कुळागरातून आठवीपर्यंत पुरतील एवढी उदाहरणं निघतात. माड ७.५ मीटर अंतराने लावायचे, जमीन ६० मीटर × ४५ मीटर. क्षेत्रफळ २,७०० चौ. मी., एका माडाला ५६.२५ चौ. मी., म्हणून ४८ माड. पण पहिला माड थेट बांधावर लावला तर एका ओळीत ८ऐवजी ९ आणि ओळी ६ऐवजी ७, म्हणजे ६३. अंतरं मोजली की खांब, हा फरक पुस्तकात ओझरता येतो, व्यवहारात रोज. पावसाचंही गणित करून घ्या: १० × ८ मीटरचं छप्पर, ५० मिलिमीटर पाऊस. ८० × ०.०५ = ४ घनमीटर, म्हणजे ४,००० लिटर. मूल ८० × ५० करूनही ४,०००च आणेल. आणलं तर विचारा, एकक कुठलं? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस बरोबर एक लिटर भरतो म्हणून ते जुळलं.

मोठ्या आकड्यांत स्वल्पविराम दोन पद्धतींनी येतात. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५. हीच आंतरराष्ट्रीय पद्धतीने १,४५८,५४५. क्षेत्रफळ ३,७०२ चौ. किमी. भागून पाहा, दर चौ. किमी.मागे सुमारे ३९४ माणसं. भागाकाराआधी अंदाज घ्यायला लावा: १५ लाख भागिले ४ हजार, म्हणजे ३७५च्या आसपास. ४० किंवा ४,००० आलं तर काहीतरी बिघडलंय.

शेकड्यात एकच सापळा सांगतो. ५०० रुपयांची वस्तू २० टक्क्यांनी वाढून ६००, मग २० टक्के सूट देऊन ४८०. पुन्हा ५०० होत नाही, कारण दुसऱ्या वेळी वीस टक्के ६००चे आहेत. ‘कशाचे टक्के?’ हा प्रश्न प्रत्येक उदाहरणात आधी लिहायचा.

घरचा क्रम

रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा रोज २५ मिनिटं. पहिली पाच मिनिटं मागच्या धड्यांतली दोन उदाहरणं, पंधरा मिनिटं आज वर्गात झालेलं पुस्तक मिटून, शेवटची पाच चुकांच्या वहीसाठी. या वहीत चुकलेलं उदाहरण, चूक काय झाली ते एका वाक्यात आणि बरोबर कृती. ‘निष्काळजीपणा’ असं लिहू देऊ नका, त्यातून काही कळत नाही. ‘हातचा १ विसरलो’ किंवा ‘फ्रॉम उलटं वाचलं’ असं लिहिलं की महिनाभराने एकच चूक दहादा दिसते आणि कुठे काम करायचं ते ठरतं.

चतुर्थीच्या सुट्टीत वह्या बंद होतात, होऊ द्यात. पण शाळा उघडायच्या आधीचे दोन दिवस चुकांची वही पुन्हा सोडवून घ्या, कारण नंतर सहामाही फार लांब नसते.

तुम्हाला स्वतःला आठवीचं गणित येत नसेल तरी तीन प्रश्न विचारता येतात: काय विचारलंय? उत्तर साधारण किती यावं? ते बरोबर आहे हे कसं तपासशील? मूल अडलं तर पेन्सिल तुम्ही हातात घेऊ नका.

पालक सभेला जाताना चुकांची वही बरोबर न्या. ‘गणितात कसा आहे?’ विचारलं तर ‘लक्ष देत नाही’ एवढंच ऐकायला मिळेल. वही उघडून ‘छेद वेगळे असले की चुकतो, सारखे असले की जमतं’ असं सांगितलंत तर शिक्षकांना कुठून सुरुवात करायची ते कळतं. ट्यूशन लावायचीच असेल तर तिथेही पहिल्या दिवशी हीच वही द्या, आणि पुढचा धडा आगाऊ शिकवण्याऐवजी मागचं भोक बुजवायला सांगा.